शेवट आधी सांग

आमच्या घरात सिनेमाची शिफारस शेवट सांगितल्याशिवाय पुरी होत नाही. बाहेरच्या माणसांना हे सहन होत नाही, याचा अनुभव मी घेतलेला आहे. ऑफिसात एकदा जेवताना मी सवयीने बोलून गेले, की कालची ती मालिका बघाच, फार छान आहे, खून धाकट्या जावेने केलेला असतो. समोर बसलेल्या दोघींनी डबे उचलले आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फक्त हवापाण्यावर बोलतात.

ही सवय आईची. वडील गिरणीत होते, पाळी सुटली की कधीमधी एकटेच सिनेमा बघून यायचे आणि आईला नेण्यासारखा आहे का, ते घरी येऊन सांगायचे. आई भाकरी थापता थापता एकच विचारायची, "शेवट काय?" हरवलेलं पोर सापडत असेल तर ती पदर खोचून तयार. सापडत नसेल तर म्हणायची, घरात घोर काय कमी आहेत, तिकीट काढून आणखी कशाला आणायचे?

माझ्या मोठ्या भावाने, दादाने, हे आईकडून जसंच्या तसं उचललं. तो क्रिकेटची मॅचसुद्धा निकाल कळल्यावर बघतो. आपण हरलो असलो तर बघतच नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्ही एकमेकांना काय बघायचं ते कळवतो ते असं: "बघण्यासारखी आहे. मधे जरा रेंगाळते. नवरा निर्दोष. कुत्रा जगतो." दादाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा जावयालाही कौतुकाने ग्रुपमध्ये घेतलं होतं. दोन शिफारशी वाचून तो बाहेर पडला, तो अजून बाहेरच आहे.

सगळ्यात आधी बघून शेवट कळवायचं काम माझं. मी मरोळला एकटी राहते, रिमोटवर दुसरा कुणी हक्क सांगत नाही, आणि मी गोड करून काही सांगत नाही. नायक मरत असेल तर मरतो म्हणून सांगते. माझ्या जिभेला हाड नाही, असं वहिनी म्हणते. मी म्हणते, असू दे, निदान जीभ सरळ तरी आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घाटकोपरच्या पुलावर दादाला दम लागला आणि तो कठडा धरून खालीच बसला. तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप आवळून बसली होती. दादा खाली रक्त तपासायला गेलेला असताना डॉक्टरांनी वहिनीला, भाचीला आणि मला आत बोलावलं. "छाती उघडून झडप बदलावी लागेल," ते म्हणाले. "त्यांचं वय आहे, साखर आहे, धोका आहे. तो मी लपवत नाही. पण नाही केलं तर वर्षभरात कधीही, बोलता बोलता जातील."

लिफ्टमध्ये वहिनीने डोळे पुसले आणि फर्मान काढलं. "ह्यांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. घाबरून आधीच जातील."

"अगं, छाती त्याची आहे," मी म्हटलं.

"आणि नवरा माझा आहे."

टॅक्सीत वहिनी दादाला सांगत होती, छोटंसंच आहे, हल्ली काही विशेष मानत नाहीत, आठवड्यात घरी. भाची मान डोलवत होती. दादाने त्या दोघींचं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी मीटरकडे बघत राहिले.

ऑपरेशनला तो नाही म्हणाला नाही. फक्त पुढे ढकलत राहिला. आधी म्हणाला, गणपती होऊ देत. मग म्हणाला, पितरांच्या पंधरवड्यात कोण छाती उघडून घेतं? मग नवरात्र आलं, मग दिवाळी. दिवाळी झाल्यावर त्याने थंडीत जखम भरत नाही, असा शोध लावला. तोवर त्याची अवस्था अशी झाली होती, की दोन जिने चढताना मधल्या वळणावर तो थांबायचा आणि खिशातून मोबाइल काढून काहीतरी वाचत असल्याचं नाटक करायचा. मोबाइलची स्क्रीन काळी असायची. मी मागून चढत असायचे आणि मला ती दिसायची.

डॉक्टर म्हणाले होते, मनावर ताण नको. वहिनीने त्याचा अर्थ असा लावला, की टीव्हीवर काही धडधडणारं लागता कामा नये. तेव्हापासून दादाने काय बघावं ते मी आधी बघून पास करायचं, असा नियम झाला. वहिनी फोनवर माझी उलटतपासणी घ्यायची. कुणी मरतं का? हॉस्पिटल आहे का? गाडी जोरात पळवतात का? या चाळणीतून जे खाली पडायचं ते इतकं मिळमिळीत असायचं, की पास करताना मलाच जांभया यायच्या.

एका संध्याकाळी दादाचाच फोन आला. "बाय, हा तुझा आजोबा-नातवाचा तिसरा सिनेमा. पुन्हा पतंग उडवतात आणि सगळं बरं होतं. अगं, निदान कुणीतरी कुणाच्या तरी कानाखाली तरी वाजवा रे!"

मी हसले. तो हसला नाही. धाप लागली होती त्याला, तेवढं एक वाक्य बोलून.

आमच्या तिन्ही घरांत मिळून सिनेमे-मालिका बघायचं एकच खातं आहे, भाचीच्या नावावर. त्यामुळे कोण काय अर्धवट बघून सोडतं, ते सगळ्यांना दिसतं. आमच्यात चोरून बघायची सोय नाही. जानेवारीत एका शनिवारी मी दुपारचा चहा घेऊन टीव्ही लावला, तर अर्धवट राहिलेल्या गोष्टींच्या रांगेत पहिलीच होती एक हॉस्पिटलची मालिका. मी पास केलेली नाही. वहिनीला ऑपरेशनचं नाव काढलेलं चालत नाही. भाचीला रक्त बघवत नाही. म्हणजे हा दादाच.

मी लावली. एक निवृत्त पोस्टमन, त्याच्या हृदयाची झडप बिघडलेली. त्याला स्ट्रेचरवरून आत नेतायत, बायको हात सोडत नाहीये. नेमकं तिथे आणून दादाने बंद केलं होतं. खालची लाल रेघ तिथेच थांबली होती.

मला सगळं एकदम कळलं, असं मला वाटलं. ऑपरेशनचं काय करतात ते बघायला तो बसला असणार, आणि शेवट माहीत नाही म्हणून पुढे जायचा धीर झाला नसणार. पुढे काय होतं ते बघणं माझं काम. मी बघितलं. पोस्टमन टेबलावरच मरतो. डॉक्टर बाहेर येतो, टोपी काढतो, आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच बायको उभी राहते. माझा चहा हातातच निवून गेला.

तेवढ्यात वहिनीचा फोन. तिचा आवाज दबलेला, बहुतेक गॅलरीतून बोलत होती. "तुला विचारलं का ह्यांनी? त्या पोस्टमनचं?"

"नाही. का?"

"मला विचारलं, शेवट काय म्हणून. मी कुठे बघितलंय! मी सांगून टाकलं, वाचतो. मग पोरीला विचारलं. तिने कुठेतरी वाचून काढलं, तर मरतो म्हणे. पण बाबांना तिनेही वाचतो असंच सांगितलं. आता तुला विचारतील. उद्या येणार आहेस ना? तूही वाचतो म्हण."

"मी असं कधी सांगितलेलं नाही, वहिनी."

"सोमवारी हॉस्पिटलला हो की नाही कळवायचंय. आता नाही म्हटलं तर ते डॉक्टर बाहेरगावी चाललेत, पुढची तारीख कधी देतील देव जाणे. तोपर्यंत हा माणूस राहील का? आणि मरतो म्हणून ऐकलं तर ते जातील का ऑपरेशनला? सांग ना. मालिकाच आहे ना ती! एका मालिकेबद्दल खोटं बोललीस तर तुझी जीभ झडणार आहे का?"

मग ती अगदी सावकाश म्हणाली, "तुझ्यामुळे काही झालं ना, तर मी जन्मात तुझं तोंड बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी मरोळ नाक्याहून मेट्रोत बसले. रविवार होता, जागा मिळाली. खिडकीशी बसून मी तो शब्द मनात म्हणून बघत होते. वाचतो. एवढासा तर शब्द. वहिनीचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. एका खोट्या पोस्टमनचा जीव वाचवून खऱ्या माणसाचा जीव वाचत असेल, तर मी कोण लागून गेले होते खऱ्याची मक्तेदारीण? आणि नसेल वाचत तर? खोटं ऐकून तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही तर? मला भीती वाटत होती. साकीनाका गेलं, असल्फा गेलं, आणि मी घाटकोपरला उतरले तेव्हा काहीही ठरलेलं नव्हतं.

घरात सुरमईच्या कालवणाचा वास होता. दादा खिडकीजवळच्या पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. टीव्ही चालू, आवाज बंद. चेहरा महिन्याभरात बारीक झाला होता आणि पाय सुजले होते. वहिनीने पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात न जाता तिथेच दारात उभी राहिली, मसाल्याचे हात तसेच. दादाच्या पाठीमागून ती मला दिसत होती.

इकडचं तिकडचं काही नाही. मी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि त्याने विचारलं, "त्या पोस्टमनचं काय होतं गं?"

वहिनी मानेने नको नको करत होती. डोळे भरलेले. मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, टॅक्सीत बघितलं होतं तसाच, आणि ह्या खेपेला बघायला समोर मीटर नव्हता.

"मरतो," मी म्हटलं.

"टेबलावर?"

"हो."

"आणि बायको?"

"बाहेर बसलेली असते. डॉक्टर येऊन सांगतात."

वहिनीने दाराची चौकट धरली. दादाच्या गळ्याजवळची शीर उडत होती आणि माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती. मला वाटलं, हे मी काय केलं? आता हा इथेच, माझ्या डोळ्यांदेखत जाणार.

"बरोबर," तो म्हणाला.

"बरोबर म्हणजे?"

"मी बघितलाय तो भाग. पुरता."

"अरे, पण ती लाल रेघ..."

"मागे नेऊन ठेवली. हिला कळू नये म्हणून."

"शेवट न विचारता बघितलंत?" वहिनी म्हणाली. खरं सांगते, तिला त्या क्षणी दुसऱ्या कशापेक्षा याचाच धक्का बसला होता. मलाही बसला. साठी उलटलेला हा माणूस, जन्मात पहिल्यांदा काही न विचारता एकटाच बसून मरणाच्या दारापर्यंत बघून आला होता, आणि आम्ही त्याला पतंग दाखवत होतो.

"आधी बघितलं, मग विचारलं," दादा म्हणाला. "तिघींना विचारायचं ठरवलं. तू म्हणालीस वाचतो. पोरगी म्हणाली वाचतो, आणि वर म्हणाली शेवटी लाडू वाटतात. लाडू!" त्याला धाप लागली. तो थांबला, श्वास घेतला. "टीव्हीतल्या पोस्टमनपायी तुम्ही एवढं खोटं बोलता, तर माझ्यापायी किती बोलत असाल?"

वहिनी जागच्या जागी खाली बसली.

आई गेल्यापासून आम्हा भावंडांत मालवणी फारशी उरलेली नाही. ताप चढला किंवा भीती वाटली, तरच ती तोंडातून निघते. दादा माझ्याकडे वळला. "बाय, आता माका खरा सांग. डॉक्टर काय म्हणालो?"

मी सांगितलं. छाती उघडतात ते सांगितलं. वय, साखर, धोका, सगळं डॉक्टरांच्याच शब्दांत. नाही केलं तर वर्षभरात कधीही, हेही सांगितलं, आणि त्या वर्षातले किती महिने सणावारांत गेले ते त्याने स्वतःच बोटांवर मोजले. वहिनी पदरात तोंड घालून रडत होती. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करायची ताकद माझ्यात नव्हती.

"आणि केल्यावर?" त्याने विचारलं.

"ते त्यांनाही माहीत नाही रे."

"तुका काय वाटता?"

"कर. मला भीती वाटतेय. पण कर."

तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. वहिनी हळूच म्हणाली, "मारलंस तू माझ्या नवऱ्याला." तसं नाही, अशी मलाही खात्री नव्हती. कालवण मागे उकळून उकळून आटत होतं आणि ते बंद करायलाही कुणी उठलं नाही.

दादा आत आला. "छातीवरचे केस तेच काढतात, की आपण काढून जायचं?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"मग उद्या कळवताना तेही विचार," त्याने वहिनीला सांगितलं. "आणि जेवायला वाढ. बाय लांबून आलीय."

जेवताना त्याने सुरमईचा दुसरा तुकडा मागून घेतला. वहिनीने मलाही वाढलं, पण वाढताना वर बघितलं नाही, आणि माझ्या ताटात शेपटीकडचा तुकडा पडला.

त्यानंतरचे दिवस मी ऑफिसात कसे काढले, मला सांगता येणार नाही. लोक काही विचारायचे, मी काही उत्तर द्यायचे. घरी टीव्ही लावला नाही. ग्रुपवर कुणी काही सुचवलं नाही, मीही नाही. फोन भाचीचा यायचा, वहिनीचा एकदाही नाही. एकच विचार डोक्यात घोळत होता, की तो स्वतःच्या पायाने जातोय तो माझ्या शब्दावर. आईचा मुलगा आहे तो. आई असती तर तिने मला काय म्हटलं असतं, ते मला ठरवता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा तो एखाद्या शाळकरी मुलासारखा दिसत होता. वहिनीने त्याचा हात धरला. मला तो पोस्टमन आठवला, तिलाही आठवला असणार, कारण तिने हात चटकन सोडून दिला आणि पुन्हा धरला.

"बाहेर रडत बसू नका," दादा म्हणाला. "पोरीला चहा पाजा. आणि बाय, तू काहीतरी चांगलं बघून ठेव. बाहेर आलो की सांग मला."

दार बंद झालं.

वहिनी माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली. मधल्या खुर्चीवर तिची पर्स. मी फोन काढला, इयरफोन कानात घातले आणि दादाने सांगितलं होतं म्हणून एक सिनेमा लावला. माणसं येत होती, बोलत होती, कुणीतरी कुणावर तरी रागावलं होतं. दार उघडलं की मी मान वर करायचे. नर्स असायची, वॉर्डबॉय असायचा, दुसऱ्याच कुणाचे तरी डॉक्टर असायचे. दुपार झाली तेव्हा वहिनीने पर्स उचलून मांडीवर घेतली. मी सरकले नाही.

मग आमचे डॉक्टर आले. आम्ही दोघी एकदमच उभ्या राहिलो. ते काही बोलायच्या आधी उभ्या राहिलो, आणि मला वाटलं, संपलं. त्यांनी टोपी काढली नाही. ते म्हणाले, झडप बसली आहे, उद्यापर्यंत थांबा, पण मला समाधान आहे. भाची मोठ्याने रडायला लागली. वहिनी तशीच उभी होती. तिने हात पुढे केला आणि माझ्या दंडाला धरलं, इतकं घट्ट, की पुढे कितीतरी दिवस तिथे बोटं उमटलेली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घशातली श्वासाची नळी काढल्यावर एकेकीला आत सोडलं. वहिनी जाऊन आली. "तुला बोलावतायत," म्हणाली.

दादाच्या अंगाला इतक्या वायरी होत्या, की हात कुठे ठेवावा कळेना. दोन्ही हातांत सुया होत्या, म्हणून मी चादरीवरून त्याचं पाऊल धरलं. त्याचे ओठ सुकलेले. आवाज नव्हताच, नुसता वारा.

"काय बघितलंस?"

तोंडात आलं होतं एखाद्या सिनेमाचं नाव. पण मी म्हटलं, "काही नाही रे. दाराकडे बघत होते. आम्ही दोघी, दिवसभर."

त्याने डोळे मिटले आणि मान जराशी हलवली. मग मला रडू फुटलं, इतकं, की नर्सने मला धरून बाहेर काढलं.